थायरॉइड काढल्यानंतर गोळीचा डोस जुळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली आहे. घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर गोळीबद्दल एकच ओळ होती: रोज सकाळी उपाशीपोटी एक, कायम. त्या ओळीत चूक काहीच नव्हती. पण पुढचे पाच महिने माझा डोस वर-खाली होत राहिला आणि दर वेळी पडलेले प्रश्न तपासणीच्या दहा मिनिटांत विचारून होईनात. नंतर हेच ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की प्रश्न सगळ्यांचे तेच आहेत. मी डॉक्टर नाही. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तो तसा का ठरतो आणि मध्येच का बदलतो हे समजलं, की त्यांच्याशी बोलणं सोपं जातं.

ग्रंथीच काढली, मग ही गोळी नेमकं काय करते?

थायरॉइड ग्रंथी दोन संप्रेरकं बनवते, टी४ आणि टी३. त्यातलं टी४ भरपूर, टी३ थोडं. पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करतं ते टी३, आणि शरीरातलं बहुतेक टी३ हे ग्रंथीबाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी४ पासूनच तयार होतं. म्हणून गोळीत टी४ दिलं की पुढचं रूपांतर शरीर आपल्या गरजेप्रमाणे करून घेतं. गोळीतल्या या टी४ चं नाव लेव्होथायरॉक्सिन. प्रयोगशाळेत बनवलेलं असलं तरी ग्रंथीतून येणाऱ्या टी४ सारखंच तंतोतंत.

म्हणूनच याला ‘औषध चालू आहे’ म्हणण्यापेक्षा ‘जे शरीरात हवंच ते बाहेरून भरतोय’ असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. आयुष्यभर गोळी या विचाराने धसका घेणाऱ्यांना मी हेच सांगते.

ऑपरेशननंतर दहा-बारा दिवस मला काहीच त्रास नव्हता. गोळी खरंच इतकी गरजेची आहे?

हो. त्रास नव्हता याचं कारण आधीचा साठा. रक्तातलं टी४ निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे ग्रंथी काढली आणि गोळी घेतलीच नाही, तर आठवड्याने निम्मं उरतं, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी आठवा हिस्सा. सुरुवातीला फारसं जाणवत नाही, मग हळूहळू माणूस मंदावत जातो.

हे वैद्यकशास्त्राला फार महागात पडून कळलं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर थायरॉइडची ऑपरेशनं त्या काळात सर्वांत सफाईने करत. त्यांनी १८८३ मध्ये स्वतःच्या जुन्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा पूर्ण ग्रंथी काढलेले बरेचसे लोक सुजलेले, सुस्त आणि मंद झालेले दिसले. ऑपरेशन उत्तम झालं होतं, पण गोळी नावाची गोष्टच तेव्हा नव्हती. पुढे १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइड बंद पडलेल्या एका स्त्रीवर उपचार केले. ती त्यानंतर २८ वर्षं जगली. अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या डिसेंबरात थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं काढलं. सकाळी स्ट्रिपमधून गोळी काढताना मला कधीकधी कोखर यांचे ते रुग्ण आठवतात.

पहिला डोस कशावरून ठरतो?

मुख्यतः वजनावरून. ग्रंथी पूर्ण काढलेली असेल तर दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम हा हिशेब धरतात. ६२ किलोच्या माणसाला ९९, म्हणून शंभरची गोळी. ७८ किलोला साधारण सव्वाशेची. वजन फार जास्त असेल तर हा हिशेब जसाच्या तसा लावला की डोस जास्त होतो, कारण संप्रेरकाची गरज चरबीपेक्षा स्नायूंच्या वजनाशी जास्त जुळते. वय जास्त असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर मुद्दाम कमी डोसने सुरुवात करून हळूहळू चढवतात.

हा आकडा म्हणजे अंदाज आहे. अंदाज पहिल्याच फटक्यात बरोबर आला तर उत्तम, पण बऱ्याच जणांना एक-दोनदा बदल करावा लागतो आणि त्यात कुणाचीही चूक नसते. बदल सहसा १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमचा असतो. आकडा लहान दिसतो, परिणाम मात्र चांगलाच जाणवतो.

टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढली ना?

उलट. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी गोंधळतो. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं, रक्ततपासणीत मोजलं जाणारं संप्रेरक. ते थायरॉइडमधून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की पिट्युटरी ओरडून मागते आणि टीएसएच वाढतो. जास्त झालं की ती गप्प बसते आणि टीएसएच खाली येतो. म्हणजे टीएसएच जास्त तर गोळी कमी पडतेय, टीएसएच कमी तर गोळी जास्त होतेय. ग्रंथी नसली तरी पिट्युटरी मागणं सोडत नाही, आणि आपल्याला ते सोयीचंच आहे, कारण त्या मागण्यावरूनच डोस मोजता येतो.

आणखी एक. टीएसएच फार संवेदनशील असतो. फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४) दुपटीने बदललं तर टीएसएच शंभरपटीच्या घरात बदलू शकतो. म्हणून टीएसएच २ वरून ८ वर गेला की ‘चौपट बिघडलं’ असं समजून घाबरू नका. अनेकदा तेवढ्याला एक छोटा बदल पुरतो.

डोस बदलला की परत तपासायला सहा आठवडे का थांबायचं? मला दोन आठवड्यांत कळायला हवंय.

तुमची घाई मला कळते, मीही केली होती. पण वर सांगितलेला सात दिवसांचा हिशेब इथेही लागतो. नव्या डोसवर रक्तातली पातळी पहिल्या आठवड्यात निम्मं अंतर कापते, दुसऱ्यात उरलेल्याचं निम्मं, आणि असं करत ती स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. पिट्युटरीला त्यावर आपला सूर लावायला आणखी थोडा वेळ लागतो. दोन आठवड्यांनी रक्त दिलंत तर रिपोर्टवर येणारा आकडा अर्ध्या रस्त्यातला असतो. त्यावरून पुन्हा डोस बदलला की तो रस्ताच बदलतो, आणि मग कोणत्या डोसचा कोणता परिणाम हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून सहा ते आठ आठवडे. या काळात दुसरं काही बदलू नका. गोळीची वेळ तीच, कंपनी तीच, सोबतची औषधं तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर तिसऱ्या रिपोर्टपर्यंत बहुतेकांचं गाडं रुळावर येतं. टीएसएच जागेवर आला की सहा महिन्यांनी एकदा आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते.

त्रास फार असेल, छाती धडधडत असेल, तर मात्र सहा आठवड्यांचा नियम कवटाळून बसू नका. डॉक्टरांना फोन करा. ते मधल्या काळात फ्री टी४ बघून निर्णय घेऊ शकतात.

‘उपाशीपोटी’ म्हणजे नक्की कसं?

नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो एक तास काही न खाता-पिता. चहा-कॉफीसुद्धा त्या तासानंतरच. कॉफीने गोळीचं शोषण कमी होतं हे पक्कं ठाऊक आहे. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीतलं साधारण ७० ते ८० टक्के औषध लहान आतड्यातून रक्तात जातं. भरल्या पोटी ते प्रमाण घसरतं, आणि रोज वेगवेगळं घसरतं. डोस जुळवण्यात अडचण येते ती या ‘रोज वेगवेगळं’मुळे.

कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची ॲल्युमिनियम असलेली औषधं गोळीपासून चार तास लांब ठेवायची. यात लोक कॅल्शियमला सहज विसरतात, आणि ऑपरेशननंतर कॅल्शियम तर अनेकांना चालू असतंच. माझं नेमकं तिथेच बिनसलं.

ऑपरेशननंतर मला शंभरची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतं. सकाळी उठल्या उठल्या तळहातावर तीन गोळ्या असायच्या: एक बारीक पांढरी, आणि दोन खडूसारख्या मोठ्या. तिन्ही एकाच घोटात घ्यायच्या, की दिवसभराची काळजी मिटली असं मी धरून चालले होते. सहा आठवड्यांनी टीएसएच आला ११.४. डॉक्टरांनी डोस सव्वाशेवर नेला. गोळ्या कशा घेते हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याच सुमारास माझं कॅल्शियम ठरल्याप्रमाणे कमी होत बंद झालं. आता वाटेतला अडथळा गेला होता आणि वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण रक्तात उतरत होता. महिनाभराने रात्री डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू यायला लागले. सातव्या आठवड्यात टीएसएच ०.०८. परत शंभर, परत थांबणं, आणि मग १.८. म्हणजे शंभरचा डोस पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चुकत होता तो तळहातावरचा गठ्ठा.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, टीएसएच वाढलेला दिसला की डोसच्या आधी गोळी घेण्याची रीत तपासा. आणि रीत बदलणार असाल, तर डोस वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना तसं सांगा.

सकाळी एवढं जमत नाही. रात्री घेतली तर?

चालते. शेवटच्या जेवणानंतर तीन तास गेलेले हवेत. रात्रपाळी करणारे, सकाळी इतर औषधं घ्यावी लागणारे, अशा कित्येकांना झोपतानाची वेळच सोपी जाते. फक्त एक ठरवा आणि त्यावर राहा. आज सकाळी, उद्या रात्री असं नको. वेळ बदललीत तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्या.

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. थायरॉइडची गोळी कमी पडतेय का?

नाही, हे बहुधा कॅल्शियमचं आहे. थायरॉइडच्या मागे चिकटून पॅराथायरॉइड नावाच्या चार बारीक ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसतो किंवा रक्तपुरवठा कमी होतो, तेव्हा कॅल्शियम उतरतं आणि मुंग्या, पेटके येतात. बहुतेकांमध्ये हे काही आठवड्यांत सावरतं, थोड्यांना कॅल्शियम आणि सक्रिय ड जीवनसत्त्व कायम लागतं. थायरॉइडची गोळी वाढवून मुंग्या थांबणार नाहीत. हातापायांची बोटं आखडत असतील, पेटके येत असतील, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

माझ्या मैत्रिणीचा टीएसएच ०.१ वर मुद्दाम ठेवलाय आणि माझा २ वर. असं का?

ग्रंथी कशासाठी काढली यावर लक्ष्य ठरतं. साध्या गाठींसाठी किंवा मोठ्या झालेल्या ग्रंथीसाठी काढली असेल, तर टीएसएच नेहमीच्या मर्यादेत, साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा एवढंच बघतात. माझं ऑपरेशन अशाच गाठींसाठी झालं होतं.

थायरॉइडच्या नेहमी आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये, म्हणजे पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारांत, उरल्यासुरल्या पेशींना टीएसएचमुळे वाढीची चालना मिळू शकते. म्हणून तिथे डोस थोडा चढा ठेवून टीएसएच दाबतात. धोका जास्त असेल तर ०.१ च्या खाली, मध्यम असेल तर ०.१ ते ०.५, कमी असेल तर ०.५ ते २ असं साधारण धोरण असतं. वर्षं उलटतात, तपासण्या स्वच्छ येत राहतात, तशी ही पकड सैल करता येते, आणि केलीही पाहिजे. कारण टीएसएच वर्षानुवर्षं दाबून ठेवल्याची किंमत हृदय आणि हाडं मोजतात. मेड्युलरी प्रकाराच्या पेशी टीएसएचला दाद देत नाहीत, त्यामुळे त्यात असं दाबायची गरज नसते.

तेव्हा कॅन्सरसाठी ऑपरेशन झालं असेल तर ‘माझं टीएसएचचं लक्ष्य किती आणि कधीपर्यंत’ हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. उत्तर फाइलवर लिहून घ्या. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी केवळ रिपोर्टवरची लाल खूण बघून डोस कमी केला, असं अनेकांच्या बाबतीत झालेलं मी ऐकलं आहे.

ग्रेव्ह्ज आजारासाठी ग्रंथी काढली. दोन महिने झाले, टीएसएच अजून तळालाच आहे. डोस कमी करायचा का?

लगेच नको. ग्रेव्ह्जमध्ये महिनोन्‌महिने संप्रेरकाचा पूर आलेला असतो आणि त्या काळात पिट्युटरी झोपी गेलेली असते. पूर ओसरला तरी ती जागी व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर टीएसएच खरं सांगत नाही, म्हणून डॉक्टर फ्री टी४ आणि तुमची लक्षणं बघून डोस ठरवतात.

माझी अर्धीच ग्रंथी काढलीय. मलाही गोळी लागणार?

कदाचित नाही. उरलेला भाग बहुतेकांना पुरतो. सुमारे पाचांतल्या एकाला नंतर गोळी लागते. ऑपरेशनआधीच टीएसएच वरच्या बाजूला असेल किंवा थायरॉइडविरोधी अँटिबॉडी सापडल्या असतील, तर शक्यता वाढते. सहा-आठ आठवड्यांनी तपासा, पहिलं वर्षभर लक्ष ठेवा.

डोस कमी पडतोय की जास्त होतोय, अंगावरून कळतं का?

ढोबळ कळतं. कमी पडत असेल तर सुस्ती, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, त्वचा कोरडी पडणं, चेहरा फुगल्यासारखा, पाळीत रक्तस्राव जास्त, शब्द पटकन न आठवणं. जास्त होत असेल तर धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं, विनाकारण चिडचिड, वारंवार शौचाला लागणं.

पण लक्षणं फसवतात. थकवा दोन्हीकडे येतो, केस दोन्हीकडे गळतात. ऑपरेशनचा ताण, रक्तातलं लोह, ब१२, अपुरी झोप, काळजी, यातल्या कशानेही तेच होतं. म्हणून नुसत्या अंगावरच्या जाणिवेवर डोस बदलायचा नाही आणि नुसत्या आकड्यावरही नाही. दोन्ही समोर ठेवून बघायचं.

ठोके अनियमित पडत असतील, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर रिपोर्टची वाट न बघता दाखवा. आणि कित्येक दिवस गोळी बंद असलेला माणूस गुंगीत, थंडगार आणि गोंधळलेला दिसला तर ती तातडीची वेळ आहे.

टीएसएच नॉर्मल, फ्री टी४ नॉर्मल, तरी मला पूर्वीसारखं वाटत नाही. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे.

या प्रश्नाला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकणं मला अजिबात मान्य नाही. निरोगी ग्रंथी थोडं टी३ थेट रक्तात सोडते. नुसत्या टी४ च्या गोळीवर ते थेट येणारं टी३ मिळत नाही, आणि काहींमध्ये टीएसएच चांगला असूनही टी३ पूर्वीपेक्षा किंचित कमी राहतं. तुमच्या तक्रारीला हा एक संभाव्य आधार आहे.

तरी क्रम सोडू नका. आधी टीएसएच मर्यादेत नेमका कुठे आहे ते बघा. ३.८ आणि १.२ दोन्ही नॉर्मल आहेत, पण तुम्हाला एका ठिकाणी बरं वाटेल आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं होऊ शकतं. मग लोह, ब१२, ड जीवनसत्त्व, साखर, झोपेतलं घोरणं आणि श्वास अडकणं, नैराश्य हे तपासून घ्या. हे सगळं करूनही काही महिने तसंच राहिलं, तर टी४ सोबत थोडं टी३, म्हणजे लायोथायरोनिन, देऊन बघता येईल का हे हार्मोनच्या डॉक्टरांना विचारा. टी३ झपाट्याने चढतं आणि एका दिवसात निम्मं उतरतं, त्यामुळे धडधड लवकर होते. हृदयाचा त्रास असलेल्यांना आणि गरोदरपणात ते सहसा देत नाहीत. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही. काही महिने देऊन बघायचं, फरक नसेल तर थांबवायचं.

वजन उतरत नाही. डोस थोडा वाढवून घेतला तर?

नको. टीएसएच लक्ष्यावर असताना वाढवलेला डोस चरबीबरोबर स्नायू आणि हाडंही झिजवतो, आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतो. पाळी गेलेल्या स्त्रियांना आणि साठीपुढच्यांना हा धोका जास्त.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर?

आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवशी दोन घेतल्या तरी बहुतेकांना चालतं, कारण औषध शरीरात आठवडाभर रेंगाळतं. हृदयरोग असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. एक दिवस राहिल्याने काही बिघडत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा राहत असेल तर मात्र तो वेगळाच डोस झाला, आणि ते डॉक्टरांना सांगायला हवं. लपवलं तर ते डोस वाढवतील, आणि तुम्ही नियमित झालात की तो वाढीव डोस अंगावर येईल.

वारांची नावं असलेला डबा घ्या. घेतली की नाही, हा प्रश्नच मग उरत नाही.

शंभर कमी पडते आणि सव्वाशे जास्त होते. मध्ये काय?

११२ ची गोळी मिळत असेल तर ती. नसेल तर एक दिवस शंभर आणि एक दिवस सव्वाशे. सात दिवसांच्या हिशेबामुळे शरीराला त्याची सरासरीच कळते. आठवड्यात पाच दिवस एक आणि दोन दिवस दुसरी, असंही डॉक्टर लिहून देतात. गोळी मोडूनही चालते, पण कटरने मोडा. नखाने मोडलेल्या गोळीचे दोन तुकडे कधीच सारखे होत नाहीत आणि चुरा स्ट्रिपमध्येच राहतो.

कंपनी बदलली तर फरक पडतो?

काहींना पडतो. औषध तेच असलं तरी गोळीतले बाकीचे घटक वेगळे असतात आणि शोषण थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. शक्यतो एकाच कंपनीची घ्या. बदलावीच लागली तर तारीख टिपून ठेवा आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा. कॅन्सरनंतर टीएसएच दाबून ठेवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे जास्त काटेकोरपणे पाळावं. गोळ्या ऊन, दमट हवा आणि प्रखर उजेडापासून दूर ठेवा. न्हाणीघरातलं कपाट ही त्यांची जागा नव्हे.

रक्त द्यायच्या दिवशी गोळी घेऊन जायचं का?

आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. गोळीनंतर काही तास फ्री टी४ चढलेलं असतं आणि आकडा उगाच मोठा दिसतो. टीएसएचवर त्याचा लगेच परिणाम होत नाही. दर वेळी साधारण त्याच वेळेला आणि त्याच लॅबमध्ये रक्त दिलंत तर रिपोर्टची आपसात तुलना करता येते.

केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते विचारा. काही तपासणी पद्धतींमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. औषध जास्त होतंय असं वाटून डोस कमी केला जातो, आणि मूळ गोष्ट केसांच्या गोळीत असते.

मूल हवंय. आधी काय करायचं?

आधीच डॉक्टरांना सांगा आणि टीएसएच २.५ च्या खाली आणून घ्या. पहिल्या काही महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतं आणि गरज पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच वाढायला लागते. ज्यांची ग्रंथी शाबूत आहे त्यांची ग्रंथी जोर लावून भागवते. आपल्याकडे ती नाही, म्हणून डोसच वाढवावा लागतो, साधारण पंचवीस ते तीस टक्के. अनेक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात: चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू कर आणि मग फोन कर. तुमच्यासाठी काय ठरलंय ते गर्भधारणेआधीच विचारून ठेवा, कारण तेव्हा अपॉइंटमेंटची वाट बघण्यात गेलेला प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. पुढे अर्ध्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. बाळंत झाल्यावर डोस पूर्वीवर आणतात आणि सहा आठवड्यांनी तपासतात. अंगावर पाजताना गोळी सुरक्षित आहे.

इतर औषधांनी डोस बदलतो?

बदलतो, आणि औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरांना तुमची ग्रंथी नाही हे ठाऊक असेलच असं नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक किंवा पाळी गेल्यानंतरच्या गोळ्या, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, क्षयावरचं रिफॅम्पिसिन, यांनी गरज वाढते. ॲसिडिटीवरची ओमेप्राझोल, पँटोप्राझोल अशी औषधं जठरातलं आम्ल कमी करून शोषण घटवतात. सीलिएक आजार, जठराचा दाह, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया यांनीही तेच होतं. दुसऱ्या बाजूने, तुमचा डोस वाढला की रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन जास्त जोरात काम करू लागतं आणि मधुमेहाच्या औषधांची गरज बदलू शकते. एवढं सगळं पाठ करायची गरज नाही. कोणतंही नवं औषध रोजचं म्हणून सुरू झालं की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, एवढं धरून ठेवा.

रेडिओआयोडिनसाठी गोळी बंद करायला सांगितली आहे. भीती वाटते.

रेडिओआयोडिन म्हणजे किरणोत्सारी आयोडिन. कॅन्सरनंतरच्या अशा काही उपचारांत टीएसएच मुद्दाम ३० च्या वर न्यावा लागतो, म्हणजे उरलेल्या पेशी ते आयोडिन ओढून घेतात. त्यासाठी तीन-चार आठवडे गोळी थांबवतात, किंवा गोळी चालू ठेवून टीएसएचचं इंजेक्शन देतात. गोळी थांबवली तर शेवटचे दहा दिवस खरोखर जड जातात. पाय ओढत चालावं लागतं, साधा हिशेब सुचत नाही. त्या दिवसांत गाडी चालवू नका, मोठे निर्णय ठेवू नका, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा. इंजेक्शनचा पर्याय तुम्हाला लागू आहे का हे नक्की विचारा. गोळी परत सुरू झाल्यावर बरं वाटायलाही काही आठवडे लागतात.

एकदा जुळलेला डोस कायम तोच राहतो का?

बरीच वर्षं राहतो. वजन बरंच वाढलं किंवा उतरलं, वय सत्तरीकडे गेलं, पाळी गेली, नवा आजार आला, की परत बघावं लागतं. वय वाढतं तशी गरज सहसा कमी होते, आणि पन्नाशीत योग्य असलेला डोस पंचाहत्तरीत जास्त ठरू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

एक वही. तारीख, गोळी कितीची आणि कोणत्या कंपनीची, किती वाजता, त्यानंतर किती वेळाने काय खाल्लं, महिन्यात किती वेळा राहिली, मध्ये कोणतं औषध सुरू किंवा बंद झालं, टीएसएच, फ्री टी४, वजन, आणि अंगाला कसं वाटतंय ते चार शब्दांत. मागचे तीन रिपोर्ट आणि चालू स्ट्रिप सोबत असू द्या. वही उघडून समोर ठेवली की ‘गोळ्या कशा घेता’ हे कुणी विचारायची गरज राहत नाही. माझ्या वहीतल्या पाचव्या महिन्याच्या पानावर लिहिलंय: ‘शंभरची, सकाळी साडेपाचला, एकटी. कॅल्शियम बंद होऊन तीन महिने. टीएसएच १.८. डाव्या कुशीवर झोप लागते.’